तिसऱ्यांदा विचारल्यावर

फरामर्जने वोसूगीच्या रोट्यांचे पैसे देऊ केले आणि वोसूगीने ते देऊ दिले. एवढंच झालं. शनिवारी सकाळी यंग स्ट्रीटवरच्या इराणी भट्टीत दारापर्यंत रांग होती, काचांवर वाफ धरली होती, आणि खड्यांवर भाजलेल्या हातभर लांब सांगक रोट्या भट्टीवाला एकामागून एक जाळीवर फेकत होता. फरामर्ज खिडकीपाशी पोचला तेवढ्यात मागून वोसूगीचा, तेहरानच्या जुन्या सहकाऱ्याचा, आवाज आला, "माझ्या दोन घे रे वेगळ्या." फरामर्ज वळला, छातीवर हात ठेवला आणि अशा वेळी कुठलाही इराणी माणूस जे म्हणेल तेच म्हणाला, "आज माझ्याकडून, वोसूगी जान." आता यावर वोसूगीने "भलतंच काय" म्हणायचं. फरामर्जने "माझी शपथ आहे तुला" म्हणायचं. वोसूगीने त्याचं मनगट धरून हात खाली दाबायचा, मागच्या बायकांनी उसासे टाकायचे, भट्टीवाल्याने "राहू द्या हो दोघंही, दुकान तुमचंच आहे" म्हणून त्यात आणखी भर घालायची, आणि शेवटी ज्याच्या रोट्या त्यानेच पैसे द्यायचे. जन्मभर हे असंच चालत आलंय. वोसूगी म्हणाला, "बरं." रोट्या काखोटीला मारल्या, फरामर्जच्या खांद्यावर थोपटलं आणि बाहेरच्या थंडीत निघूनही गेला.

घरापर्यंत फरामर्ज तो शब्द चघळत गेला. फुटपाथवर बर्फावर टाकलेलं मीठ बुटांखाली करकरत होतं, कोटाच्या आत धरलेल्या रोटीची ऊब पोटाला लागत होती, पण मन थाऱ्यावर नव्हतं. पहिल्याच वेळी बरं म्हणणारा माणूस दोनच प्रकारचा असू शकतो. एक तर त्याचं तुमच्यावर काही येणं आहे आणि दोन रोट्या म्हणजे त्यातली किरकोळ वसुली आहे. किंवा मग त्याने तुमच्याशी असं काही केलंय की आता चांगलं दिसण्याची त्याला गरजच उरलेली नाही. वोसूगी यातला कुठला, हे त्याला मंगळवारच्या आत कळायला हवं होतं. मंगळवारी इंजिनिअरांना परवाना देणाऱ्या मंडळापुढे मुलाखत होती, आणि त्यांना ज्यांची नावं कळवायची असतात, अर्जदाराचं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय अशा माणसांत पहिलं नाव वोसूगीचं होतं.

मंडळाचं म्हणणं साधं होतं. तुमची तेहरानची पदवी चांगली दिसते, पण इथल्या पदवीइतकी चांगली आहे का ते आम्हाला ठाऊक नाही. तेव्हा चार परीक्षा द्या. नाहीतर येऊन आम्हाला पटवा, की त्या परीक्षांत जे विचारलं जातं ते तुम्ही आयुष्यभर प्रत्यक्ष करत आलात. पटलं तर चारही माफ. फरामर्ज त्रेपन्न वर्षांचा होता. वसंतापासून त्याने मातीच्या दाबावरचं एक जाडजूड पुस्तक उघडून ठेवलं होतं आणि ते बहुतेक वेळ त्याच पानावर उघडं असायचं. ज्या कंपनीत तो नकाशे काढायचा तिथे दुसऱ्यांनी ठरवलेल्या तुळया तो संगणकावर रेखाटायचा, त्याच्या पुतण्याच्या वयाचा साहेब येऊन "इथे जरा जाड कर" म्हणायचा आणि तो जाड करायचा. ती तुळई जाड केल्याने काही होणार नाही, खांब हलवायला हवा, हे त्याला दिसायचं. बोलायचा अधिकार नव्हता. आता डिझाइनची एक जागा रिकामी झाली होती आणि साहेबाने कबूल केलं होतं की मे महिन्यापर्यंत परवाना आणलास तर तुझी. परीक्षा द्यायच्या म्हटल्या तर दोन वर्षं जातील, आणि जागा दोन वर्षं कुणासाठी थांबत नाही. शिवाय नापास होण्याची भीती होती. ती तो महदुख्तलाही बोलला नव्हता, पण लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बायकोला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

त्याहून एक बारीक दुखणं होतं. भट्टीवाला त्याला अजून मोहन्देस म्हणायचा. "या मोहन्देस, कडक देऊ की मऊ?" तिकडे तेहरानमध्ये हा शब्द नावाच्या आधी इतका चिकटलेला असतो की माणसाचं नाव विसरलं तरी चालतं, इंजिनिअर झालात की भाजीवाल्यापासून सासऱ्यापर्यंत सगळे मोहन्देस. इथे परवाना नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणं गुन्हा आहे. भट्टीवाल्याने हाक मारली की फरामर्जची नजर आपोआप रांगेवरून फिरायची, मंडळाचा कुणी माणूस रोटी घ्यायला तर आलेला नाही ना म्हणून. यात वेडेपणा आहे हे त्यालाही कळायचं. तरी नजर फिरायचीच.

"त्याला भूक लागली असेल," महदुख्त म्हणाली. तिने रोटीला चिकटलेला एक खडा नखाने काढून बशीत टाकला. "थंडी होती. माणूस बरं म्हणाला आणि गेला. यात एवढं काय?"

"तू वोसूगीला ओळखत नाहीस. तो पेला पाणीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. तेहरानला आपल्या घरी आला होता, तुझ्या आईने किती आग्रह केला होता, आठवतंय? बाहेर जाऊन उपाशी पोटी जिन्यात बसला होता, पण हो म्हणाला नाही."

"त्याला अकरा वर्षं झाली इथे येऊन. सुधारला असेल."

"माणूस कशाने सुधारतो?"

"तुला रे काय हवंय? त्याने पैसे दिले असते तर म्हणाला असतास, का दिले, नक्की काहीतरी केलंय." ती दुकानात औषधांच्या काउंटरवर उभी राहते, दिवसभर संशयी गिऱ्हाइकं सांभाळते, घरी आल्यावर तिला ती नको असतात. "चल, उभा राहा. म्हण, मी केलं."

मुलाखतीची ही तालीम महिनाभर चालू होती. इथल्या लोकांपुढे सरळ मी केलं म्हणायचं असतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती ओट्याशी मंडळ होऊन उभी राहायची आणि हातात कढीचा डाव घेऊन विचारायची, हे डिझाइन कुणाचं? फरामर्ज घसा साफ करायचा. मी केलं हे तीन अक्षरांचं काम, पण ते बाहेर यायच्या आधी घशात कुठेतरी बापाचा चेहरा उभा राहायचा. त्याचे वडील शाळामास्तर होते आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काम सांगणाऱ्या माणसाला ते बाजारातला पोपटवाला म्हणायचे. आपण नाही म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा नाही म्हणायचं, आणि मग समोरच्यानेच आपलं मोठेपण आपल्या पदरात टाकायचं. याला तारोफ म्हणतात आणि ते मुलाला बोलायच्या आधी येतं. "माझ्या हातून थोडीफार सेवा झाली," फरामर्ज डावाला सांगायचा, आणि महदुख्त डाव ओट्यावर आपटून म्हणायची, "नापास."

वोसूगीला, मंडळाला तुझं नाव देऊ का, म्हणून विचारलं होतं तेव्हा तो लगेच म्हणाला होता, "डोळ्यांवर ठेवतो तुझं काम." यात काही नव्हतं, डोळ्यांवर ठेवतो हे इराणी माणूस नगरपालिकेच्या कारकुनालाही म्हणतो आणि दोघांनाही माहीत असतं की काम होणार नाही. पण फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं होतं, "ती लाहिजानची टाकी घालणार आहेस ना त्यात?" तेव्हा फरामर्जला काही वाटलं नव्हतं. आता, दोन रोट्यांनंतर, तो प्रश्न त्याच्या अंगावर आला. टाकीच का? वीस वर्षांत इतकी कामं झाली, वोसूगीला नेमकी टाकीच का आठवावी? आणि मग त्याला एक गोष्ट इतकी लख्ख दिसली की चहाचा पेला तोंडाशी तसाच राहिला. अकरा वर्षांपूर्वी वोसूगी इथे आला आणि दोनेक वर्षांत परवाना मिळवून बसला. सगळ्यांनी गृहीत धरलं की त्याला परीक्षा माफ झाल्या. कशाच्या जोरावर झाल्या असतील? दाखवण्यासारखं त्याच्याकडे होतं काय? टाकी. ती टाकी त्याने केव्हाच मंडळाला स्वतःची म्हणून दाखवली होती. आता फरामर्ज मंगळवारी जाऊन तीच टाकी माझी म्हणणार, मंडळ जुनं दप्तर काढणार, आणि दोन इराण्यांतला खोटारडा कोण हे ठरवायला त्यांना वेळ लागणार नव्हता. परवाना असलेला खरा, नसलेला खोटा.

टाकी फरामर्जची होती. लाहिजानच्या इस्पितळासाठी, चहाच्या मळ्यांच्या उतारावर, आठ खांबांवर उभी. पाऊस तिथे महिनोन्‌महिने थांबत नाही आणि जमीन हलते ती वेगळीच. त्याने त्या टाकीचा हिशेब डोक्यात घेऊन एक सबंध हिवाळा काढला होता. भरलेली टाकी हलली तर आतलं पाणी कसं आपटेल, अर्धी भरलेली हलली तर कसं, हे आंघोळीच्या बादलीत हात फिरवून बघत बसायचा. खांबांचे तपशील काढायचं काम तेवढं वोसूगीकडे होतं. आणि त्या तपशिलांत वोसूगीने खांब आणि तुळया जिथे मिळतात तिथे लोखंडी रिंगा दूर दूर ठेवल्या होत्या, सपाट मैदानातल्या साध्या इमारतीला ठेवतात तशा. भूकंपात खांब आधी तिथेच फुटतो. फरामर्जच्या ते गुरुवारी दुपारी लक्षात आलं, कार्यालय अर्ध्या दिवसाने रिकामं झाल्यावर. वोसूगीच्या घरी तेव्हा मूल आजारी होतं, तो आठवडाभर डोळे तांबडे करून येत होता. फरामर्जने ते पान पुन्हा काढलं, रिंगा दाट केल्या, आकडेसुद्धा वोसूगीच्या वळणाचे काढले, त्याचा तो पोट फुगवलेला पाचही, आणि जुनं पान घडी करून खिशात घालून घरी नेलं. शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी कुणी काही बोललं नाही. पुढे तिथले साहेब अर्जुमंद यांनी बैठकीत विचारलं होतं, टाकी छान झालीय, कुणाची? "वोसूगींची मेहनत, मी नुसत्या रेघा ओढल्या," असं फरामर्ज म्हणाला होता. "छे छे, फरामर्जचीच," वोसूगी म्हणाला होता. अर्जुमंदांनी हसून दोघांचीही नावं घातली आणि वोसूगीचं आधी घातलं, कारण तो वयाने सहा महिन्यांनी मोठा होता. तेव्हा याचं वाईट वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि वीस वर्षांचं एकदम वाटलं.

रविवारी त्याने फोन केला. वोसूगीच्या मागे टीव्हीवर फुटबॉल चालू होता.

"मंडळाकडून फोन आला होता का तुला?"

"आला होता ना. अर्धा तास बोलत होती बाई."

"काय बोललास?"

"जे आहे ते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जे आहे ते, बाबा. तू जा, घाबरू नकोस. दाढी नीट करून जा." आणि तिकडे कुणीतरी गोल केला, वोसूगी ओरडला, फोन ठेवला गेला. जे आहे ते, हे उत्तर फरामर्जने आयुष्यात फक्त लपवाछपवी करणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. सोमवारी कंपनीत त्याने एका जिन्याच्या पायऱ्या उलट्या दिशेला काढल्या आणि साहेब हसला. संध्याकाळी महदुख्तने डाव हातात घेतला तेव्हा तो म्हणाला, आज नको. तिने त्याच्याकडे बघितलं आणि डाव मुकाट्याने कढीत घातला.

मुलाखतीच्या खोलीत खिडकी नव्हती. टेबलापलीकडे दोघं बसली होती. कोवाल्चुक नावाची पन्नाशीची बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला. आणि मॅक्रे नावाचे म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या उजव्या करंगळीत ती खडबडीत लोखंडी अंगठी होती, इथे शिकून इंजिनिअर होणारे घालतात ती. बोलताना ते करंगळी टेबलावर वाजवायचे. ठक, ठक. फरामर्जला वाटलं, ही अंगठी ज्यांच्या बोटात आहे त्यांना कुणी कधी विचारलं नसेल, हे तुम्ही केलंत कशावरून. सुरुवात बरी झाली. जमिनीबद्दल विचारलं, वाऱ्याबद्दल विचारलं, त्याने कागदावर काढून दाखवलं आणि मॅक्रे दोनदा "वा" म्हणाले. मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि टाकीचा नकाशा पुढे सरकवला.

"याचं डिझाइन कुणी केलं?"

मी, असं त्याला म्हणायचं होतं. डाव, ओटा, महदुख्त, सगळं डोळ्यापुढे होतं. "आमच्या कार्यालयाचं काम होतं," तो म्हणाला. "माझाही थोडा हातभार लागला."

बाईंनी लिहून घेतलं. ठक, ठक. "बरोबर. पण डिझाइन कुणी केलं?"

"वरिष्ठांचं मार्गदर्शन होतं. सहकारी हुशार होते. मी आपला त्यांच्यात होतो."

बाईंनी मॅक्रेंकडे बघितलं. मॅक्रेंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी आधीच ठरलेलं होतं. हे बघणं फरामर्जला माहीत होतं. तेहरानला सरकारी नोकरीच्या आधी निवडीसाठी असंच एका खोलीत बसवायचे, दोघं असायचे, आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. शेजारी तुझ्याबद्दल काय सांगतील? ते आधीच शेजाऱ्याकडे जाऊन आलेले असायचे. उत्तरात एवढासा फरक पडला की संपलं.

"मिस्टर फरामर्ज," बाई सावकाश म्हणाल्या, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत, "ह्या टाकीचं डिझाइन कुणी केलं?"

तिसऱ्यांदा. म्हणजे वोसूगी सांगून बसला आहे. फरामर्जच्या घशातला बाप कुठल्या कुठे गेला. "मी," तो म्हणाला. "मी केलं. सगळं. पहिल्या रेघेपासून. वोसूगींनी तुम्हाला काय सांगितलंय मला माहीत नाही, त्यांच्याकडे फक्त खांबांचे तपशील होते, आणि तेही चुकले होते. सांध्यापाशी रिंगा इतक्या दूर ठेवल्या होत्या की पहिल्या मोठ्या धक्क्यात टाकी इस्पितळावर आली असती. मी ते पान परत काढलं. त्यांना न सांगता. अशा माणसाच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवणार असाल तर ठेवा." तो थांबला. आपला हात टेबलावर आपटलेला आहे हे त्याला दिसलं. करंगळीची ठकठक बंद झाली होती.

कोवाल्चुकबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. "हो," त्या म्हणाल्या. "हेच त्यांनी सांगितलं."

"काय?"

"रिंगांचं. म्हणाले, नोकरीवरून काढून टाकायच्या लायकीची चूक केली होती मी, आणि शनिवारी येऊन बघतो तर माझ्याच अक्षरात बरोबर केलेली. म्हणाले, टाकी सगळी त्याची आहे याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही."

"सांगायला नको खरं तर आपण," मॅक्रे पुटपुटले, आणि मग त्यांनाच राहवलं नाही. "आणखी एक म्हणाले ते. तुम्ही विचाराल तेव्हा तो नाही म्हणेल. पुन्हा विचाराल तेव्हाही नाही म्हणेल. तेवढ्यावर जाऊ नका, तीनदा विचारा."

दहा दिवसांनी मंडळाचं उत्तर आलं. चारही परीक्षा माफ. महदुख्त फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली, मग उठून मोठ्या पातेल्यात केशर घालून शोलेजर्द, तांदळाची खीर, शिजवायला लागली, कारण तिने ती नवसाला बोलली होती. वाट्यांवर दालचिनीने नक्षी काढता काढता म्हणाली, पहिली वाटी वोसूगीकडे नेऊन दे. फरामर्ज हो म्हणाला आणि शेजारच्यांची नेली, मग खालच्या मजल्यावरच्यांची नेली. तो आनंदात होता. जागा मिळाली होती, साहेबाने हात मिळवला होता, मातीच्या दाबाचं पुस्तक कपाटात गेलं होतं. पण आनंदाच्या आत लाज होती, आणि ती गिळली जात नव्हती. आणि लाजेच्याही आत, त्याची त्यालाच किळस यावी असा, तो जुना संशय अजून जिवंत होता: मंडळवाल्या बाईंनी आपलं बोलणं वोसूगीला सांगितलं असेल का?

शनिवारी भट्टीत वोसूगी त्याच्या पुढे उभा होता. फरामर्जच्या हातात कापडात बांधलेली वाटी होती.

"झालं ना?" वोसूगीने त्याला मिठी मारली. "मला कळलं. महदुख्तखानमने फोन केला होता. जीव ओवाळून टाकतो तुझ्यावरून, मोहन्देस. आता खुशाल म्हणू देत सगळ्यांना. ही माझी?"

"तुझीच."

"दे," वोसूगी म्हणाला आणि वाटी घेतली. पुन्हा पहिल्याच वेळी. फरामर्जच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण तो हसला. "असा काय बघतोस? मी सोडलं ते. मला याच लोकांनी बोलावलं होतं, तुझ्यासारखंच. बाईने विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हटलं, काही विशेष नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच. मी वाट बघतोय तिसऱ्यांदा विचारेल म्हणून, आणि ती बया आभार मानून उठली. चारही परीक्षा दिल्या मी. त्यातली एक तर दोनदा द्यावी लागली. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. तेव्हापासून ठरवलं, या गावात जे मिळेल ते पहिल्यांदाच घ्यायचं."

"मला वाटलं तुला माफ झाल्या होत्या."

"सगळ्यांनाच वाटतं. वाटू देत." भट्टीवाल्याने जाळीवर रोट्या टाकल्या. वोसूगी पुढे झाला, एक उचलून उलटी धरली, खडे झटकले. "टाकीचं विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"आणि रिंगांचं?" तो खडे झटकत होता, वर बघत नव्हता. "मी सांगून ठेवलं होतं त्यांना. तू काय बोललास माझ्याबद्दल?"

"काही नाही," फरामर्ज म्हणाला. "तुझं नावसुद्धा घेतलं नाही."

वोसूगीने रोटीची घडी घातली. "नाही घेतलंस?"

"नाही."

मागची बाई उसासली. भट्टीवाला पैशांसाठी हात पुढे करून थांबला होता. फरामर्जच्या घशात ते आलं होतं, पुरं, तयार. आता पुढचा प्रश्न आला की तो सगळं सांगणार होता, शब्द न शब्द, टेबलावर आपटलेल्या हातासकट, आणि मग जे व्हायचं ते होऊ देणार होता. तो वोसूगीच्या तोंडाकडे बघत थांबला. वोसूगीने दोघांच्याही रोट्यांचे पैसे देऊन टाकले, वाटी सांभाळत दार खांद्याने ढकललं आणि म्हणाला, "चल, गार होतील." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.